शिरोरेघ

बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळ्यांचा खालचा सपाट भाग पहिल्यांदा भिंगाखाली धरला, तेव्हा मला फक्त गंज किती आत गेलाय ते बघायचं होतं. गंज फारसा नव्हताच. तिथे छापांची एक गर्दी होती आणि त्या गर्दीत एका बाजूला रोमन लिपीतलं लहान ‘डी’, तांदळाच्या कणीएवढं. त्या एका अक्षराने आमच्या घरातली एक जुनी गोष्ट खोटी पाडली.

गोष्ट अशी. ही दुनळी पणजोबांची. 1912 साली कुणीतरी त्यांच्यावर खूश होऊन ती त्यांना दिली. आजोबा हे सांगताना दर वेळी आवाज थोडा खाली आणत आणि ‘कुणीतरी’ कोण ते कधीच सांगत नसत. पणजोबा 1919 मध्ये गेले, मग बंदूक आजोबांकडे आली, आजोबांनंतर आत्याने ती सांभाळली. आता आत्याच्या मुलाचा रीतसर परवाना झाला होता आणि ती त्याच्याकडे जायची होती. जाण्याआधी महिना-दोन महिने कागदपत्रांसह ती माझ्याकडे आली, कारण घरात हे असलं काम करणारी मीच. आत्याची मागणी दोन वाक्यांची होती. “नीट कर. आणि तिच्यावर माझ्या आजोबांचं नाव कोर.”

दोन महिन्यांचे चार झाले.

लोकांना वाटतं जुनी बंदूक नीट करणं म्हणजे ती चकचकीत करणं. मलाही एके काळी तसंच वाटायचं. शिकायला लागल्यावर पहिल्याच वर्षी मी एका जुन्या एकनळीचा ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाभोवतीची कडी, पॉलिशच्या चाकावर धरला. अर्ध्या मिनिटात तो आरशासारखा झाला आणि त्याच्यावरची बारीक नक्षी, जी गंजाखाली दबलेली पण शाबूत होती, ती गेली. कडा गोल झाल्या. इस्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडले. मालकांना फार आवडलं. ते खूश होऊन घेऊन गेले आणि मी तोंडावर हसू ठेवून आत शरमून बसले. त्यानंतर चाक मी दुसऱ्या खोलीत हलवलं, म्हणजे तिथवर जाईपर्यंत विचार करायला वेळ मिळतो.

कडा हे या कामातलं सगळ्यात मोठं धन. जिथे दोन सपाट पृष्ठभाग भेटतात तिथली धार कारागिराने कानशीने आणलेली असते. ती एकदा गेली की परत येत नाही, कारण परत आणायची तर दोन्ही बाजूंचं लोखंड काढावं लागतं. म्हणून पॉलिश पेपर कधी बोटाने धरायचा नाही, मागे सपाट ठोकळा धरायचा. छाप आणि नंबर असतील तिथे तर पेपर न्यायचाच नाही. नंबर पुसट झाला तर कायद्याचा प्रश्न उभा राहतो, आणि छाप पुसला तर वस्तूचा जन्मदाखलाच फाटतो.

इस्क्रू हा दुसरा अध्याय. बंदूक कुणाच्या हातून गेलीय ते मी आधी इस्क्रूच्या खाचेवरून वाचते. चांगल्या बंदुकीत खाच केसासारखी बारीक असते आणि बसवल्यावर नळीच्या दिशेने सरळ उभी राहते. सगळ्या इस्क्रूंच्या खाचा अशा एका दिशेला आणायच्या म्हणजे प्रत्येकाचं डोकं बसवून, काढून, किंचित घासून पुन्हा बसवायचं. ही शिस्त पाळणारा माणूस आतल्या कामातही शिस्तीचा निघतो. आणि मग एखाद्या रविवारी घरचा कुणी जाडा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो आणि खाचेचे ओठ फाडून ठेवतो. आमच्या बंदुकीचे तीन इस्क्रू असे फाटलेले होते. काकांचं काम, हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोललं नाही. मी प्रत्येक खाचेच्या मापाचं पातं घासून पेचकस बनवला, गंज मऊ पडावा म्हणून तेल सोडून आठ दिवस वाट बघितली, आणि फाटलेले ओठ छोट्या हातोडीने आत दाबत दाबत बसवले. नवे इस्क्रू करणं सोपं होतं. पण फाटलेलं लोखंड आत परत ढकलता येतं, टाकून द्यावं लागत नाही, यात मला अजूनही गंमत वाटते.

बंदूक लिएजची आहे. बेल्जियमच्या त्या शहरात 1672 पासून नळ्यांची चाचणी घेणारी संस्था आहे. लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांच्या मंडळाला सनद मिळाली ती 1637 मध्ये, बर्मिंगहॅमला चाचणीघर झालं ते 1813 मध्ये. तत्त्व सगळीकडे एकच: नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवायची, फुटली नाही तर छाप मारायचा. लिएजचा छाप म्हणजे लंबगोलात ‘ईएलजी’ ही तीन अक्षरं आणि वर मुकुट. आमच्या बंदुकीवर त्याच्या शेजारी एक छोटा सिंह आहे आणि सिंहाखाली ‘पीव्ही’, म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणीही झालेली. काडतूस बसतं त्या जागेची लांबीही तिथेच ठोकलेली असते, 65 मिलिमीटर. आजचं सर्रास मिळणारं काडतूस 70 चं. ते आत सहज जातं, फसगत होते ती उडवल्यावर. त्याचं तोंड उलगडायला पुढे जागा उरत नाही आणि दाब वाढतो. आत्येभावाला मी हे एकदा सांगितलं, एकदा लिहून दिलं आणि एकदा परत सांगितलं.

आणि ते ‘डी’. 1922 पासून लिएजमध्ये प्रत्येक वर्षाला एक अक्षर देतात. ए म्हणजे 1922, मग बी, सी, डी. मी बोटांवर मोजलं, परत मोजलं. 1925. पणजोबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी भिंग खाली ठेवलं आणि आत्याला फोन केला नाही.

तोपर्यंत लाकूड हाती घेतलं. दस्ता अक्रोडाचा, आणि त्याची मान, जिथे लाकूड लोखंडाला भिडतं, ती काळी झालेली. वर्षानुवर्षं बंदूक नळी वर करून उभी ठेवली की यंत्रणेत ओतलेलं तेल हळूहळू खाली उतरतं आणि लाकडात मुरतं. लाकूड मऊ पडतं आणि दर बाराला थोडं थोडं दबतं. ते तेल बाहेर काढायचं म्हणजे खडूसारखी पांढरी पूड लेपायची, ऊब द्यायची आणि लेप पिवळा झाला की झटकून नवा लावायचा. मी बारा वेळा लावला. बाराव्या लेपालाही पिवळी झाक होतीच, पण तिथे थांबले. दबलेल्या खळग्यांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने लाकडाचे धागे फुगून वर येतात. खळगा डोळ्यांदेखत भरतो. चरा मात्र भरत नाही, कारण तिथे धागा तुटलेला असतो. दबलेलं उठतं, तुटलेलं उठत नाही. शिकवणाऱ्यांनी मला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी ते उगाच वहीत लिहून ठेवलं होतं, जणू विसरणार होते.

मग मुठीवरची चौकड्यांची नक्षी, जिला सगळे चेकरिंगच म्हणतात. ती एका बाजूला जवळजवळ सपाट झाली होती. छोट्या करवतीसारख्या हत्याराने जुन्या रेघांमधून एकेक रेघ पुन्हा खोल करत गेलं की चौकडे टोकदार उठतात. दोन दिवसांचं काम. मी सुरुवात केली, चार रेघा केल्या आणि हात थांबला. झीज सगळीकडे सारखी नव्हती. जिथे अंगठा वळून येतो तिथे एक लांबट, गुळगुळीत डाग होता, गोट्यासारखा. माझा अंगठा ठेवला तर तो त्यात बुडाला आणि वर जागा उरली. आजोबांचा अंगठा रुंद होता.

ती जागा तशीच ठेवली. बाजूच्या रेघा तिच्यापर्यंत आणून विरवल्या.

अशीच एक जागा लोखंडावर होती. यंत्रणेच्या पोटाला, चापाच्या थोडं पुढे, रंग पूर्ण उडून चांदीसारखं लोखंड उघडं पडलं होतं. अनेकांना वाटतं तो गंज काढल्याचा डाग आहे. तसं नाही. बंदूक उडवली जाते कमी, वाहिली जाते जास्त. दुनळीचा तोल बिजागरीच्या आसपास असतो, चालताना हात आपोआप तिथे जातो आणि पन्नास वर्षं तळव्याचा घाम तिथला रंग खातो. लहानपणी मी आजोबांच्या मागून चालायची. मला त्यांची पाठ, खाली लोंबणारा डावा हात आणि त्यात आडवी धरलेली मोडलेली बंदूक एवढंच दिसायचं. उडवताना त्यांना मी दोनदाच पाहिलं, दोन्ही वेळा नेम चुकला.

यंत्रणेचा तो रंग परत आणता येतो. सुटे भाग हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात पुरून, पेटी बंद करून, लालसर होईपर्यंत तापवायचे आणि एकदम पाण्यात सोडायचे. कार्बन लोखंडाच्या कातडीत शिरतो, कातडी काचेसारखी कठीण होते, आतलं लोखंड चिवट राहतं, आणि वर निळे-तपकिरी-राखी ढग उमटतात. दिसायला फार सुंदर. पण जुनी यंत्रणा पुन्हा तापवली की ती किंचित वाकडी होऊ शकते, मग काहीच नीट बसत नाही. आणि नक्षी पुन्हा कोरायची असेल तर आधी ही कठीण कातडी तापवून मऊ करावी लागते, नाहीतर कोरणीचं टोक काचेवर घासल्यासारखं सरकतं आणि तुटतं. म्हणजे एक पान परत कोरण्यासाठी अख्खी बंदूक भट्टीतून दोनदा काढायची. मी नाही केलं.

शिवाय ती नक्षी मला आवडायला लागली होती. मोठ्या नावांची नक्षी आपण पुस्तकांत बघतो. इंग्रजी कारागिरांचे गुलाब आणि घट्ट गुंडाळलेले वेल, ऑस्ट्रियातल्या फेरलाखची ओकची पानं आणि उठावातली हरणं, इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पियाची ‘बुलिनो’. फिर्मो फ्राकासीसारख्या उस्तादाची बुलिनो म्हणजे हाताच्या दाबाने टोचलेले हजारो बारीक ठिपके आणि रेघा. त्यातून पक्ष्याचं पीस न् पीस फोटोसारखं उतरतं. त्या एकेका बंदुकीवर महिनोन्‌महिने जातात. आमच्या बंदुकीवर फार तर एक दिवस गेला असेल. लिएजच्या आसपास हे काम घरोघरी चाले, नगावर पैसे मिळत, आणि इथे ते दिसतं. उजव्या बाजूच्या वेलाला अकरा पानं आहेत, डाव्या बाजूच्या वेलाला नऊ. डावीकडे शेवटचा फाटा तर घाईत नुसता खालून वर ओढून सोडून दिलाय. संध्याकाळ झाली असेल, उजेड गेला असेल, किंवा दुसऱ्या दिवशी माल द्यायचा असेल. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची, किंवा बाईची, दोन पानांची चोरी मी पकडली आणि मला एकदम सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

नळ्यांचं मात्र करावं लागलं. तोंडाजवळ लाल, जिवंत गंज होता, तो सोडला असता तर खात गेला असता. दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी डाखाने जोडलेल्या असतात. त्यामुळे कारखान्यातलं तापलेल्या क्षारांचं ब्लूइंग, म्हणजे निळा-काळा रंग चढवणं, चालत नाही, क्षार डाख खातात आणि फटीत शिरून वर्षानुवर्षं आतून गंज चढवतात. म्हणून जुनी रीत: गंजानेच गंज मारायचा. नळी तेलाचा कण राहणार नाही अशी धुवायची, सौम्य आम्लाचं पाणी पुसायचं आणि दमट पेटीत टांगून ठेवायची. सकाळी तिच्यावर नारिंगी मखमल चढलेली असते. ती स्वच्छ पाण्यात उकळली की मखमल काळी पडते, लाल गंजाचा काळा गंज होतो. तो लोखंडाला धरून बसतो आणि हवेला आत येऊ देत नाही. वरची भुकटी मऊ तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मी आठ फेऱ्या केल्या. सहाव्या फेरीत कुठेतरी माझं बोट लागलं आणि सातव्या सकाळी नळीवर माझा ठसा स्पष्ट उमटला, पोलिसांनी घ्यावा इतका. ती फेरी पुसून परत केली. नळ्या आता निळ्या-काळ्या झाल्यात, आणि खरं सांगायचं तर थोड्या जास्तच नव्या दिसतात. झिजलेल्या यंत्रणेपुढे त्या उसन्या आणल्यासारख्या वाटतात. मला ते अजूनही खटकतं.

राहिलं नाव.

दस्त्याच्या खालच्या कडेला जर्मन सिल्व्हरची एक लंबगोल चकती बसवलेली असते, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. ती मालकाच्या आद्याक्षरांसाठी. असंख्य बंदुकांवर ती कोरी राहते, लोक कोरून घ्यायचं उद्यावर टाकतात. आमचीही कोरी होती. भेट मिळालेल्या वस्तूवर देणारा माणूस घेणाऱ्याचं नाव घालतोच घालतो, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

शेवटी बंदूक न घेताच आत्याकडे गेले. भिंगातून काढलेला फोटो दाखवला, अक्षरांचा हिशोब सांगितला. वाटलं होतं तिला वाईट वाटेल. ती चौऱ्याऐंशीची आहे. तिने चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि हसायला लागली.

“अगं, विकत घेतली असणार त्यांनी!”

“कुणी?”

“बाबांनी. दुसऱ्या कुणी? घरात तेव्हा सहा तोंडं खाणारी. एवढी महागाची वस्तू आणली म्हटल्यावर आई जेवू देईल? वडिलांची आहे म्हटलं की विषय संपला.” मग थोडा वेळ ती काही बोलली नाही. “आणि नाव घालता येईना ना त्यांना. स्वतःचं घातलं तर पकडले जातील, वडिलांचं घातलं तर… तेवढं धाडस नसेल झालं.”

“मग आता कुणाचं कोरू?”

“बाबांचं. आता कोण रागावणारंय.”

देवनागरी धातूत कोरणं हा एक वेगळाच छळ आहे. या कलेची हत्यारं, कित्ते, सराव सगळा रोमन अक्षरांसाठी घडलेला. रोमन अक्षर एकटं उभं असतं. एक बिघडलं तरी शेजारचं सुरक्षित राहतं. आपली अक्षरं एका दांडीला लटकलेली. ती दांडी, शिरोरेघ, सरळ आणि एका जाडीची हवी, आणि हाताने कोरण्यात सगळ्यात अवघड काही असेल तर लांब सरळ रेघ. वळण लपवून घेतं. वेलात अर्धा केस इकडेतिकडे झाला तर वेल जास्त जिवंत दिसतो. सरळ रेघेत तेवढंच थरथरणं लांबून दिसतं. आजोबांच्या नावात एक ‘ळ’ही आहे. त्याच्या दोन गाठी कोरताना कोरणी जागेवर आणि वस्तू गोल फिरवावी लागते. वळणाच्या आतल्या बाजूला कोरणीची टाच घासली की तिथे पांढरा ओरखडा उठतो.

सरावाच्या पत्र्यावर मी ते नाव चाळीसएक वेळा कोरलं. कोरणीला धार लावायची, एक अक्षर, पुन्हा धार. बोथट टोक घसरतं, धारदार टोक चावतं, आणि बोथट झाल्याचं हाताला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. लिहिताना आपण शिरोरेघ शेवटी ओढतो. कोरताना मी ती आधी काढायची ठरवली, म्हणजे अक्षरं तिला नीट टांगता येतील. पत्र्यावर ते जमत होतं.

चकतीवर रेघ सुरू केली. डावीकडून उजवीकडे, श्वास धरून. चौदा मिलिमीटरची रेघ. बाराव्या मिलिमीटरला हाताखालचा प्रतिकार अचानक संपला आणि कोरणी सुटली, थेट चकतीच्या कडेपर्यंत. लाकडाच्या आधी अर्धा केस थांबली.

हे बरं करायच्या दोन रीती असतात. बारीक चरा असेल तर गुळगुळीत पोलादाने दाबून धातू त्यात सारायचा. खोल असेल तर सगळा पृष्ठभाग त्या खोलीपर्यंत खाली आणायचा. माझा खोल होता आणि चकती पातळ. मी दिवा बंद केला आणि दोन दिवस त्या खोलीत गेले नाही.

तिसऱ्या दिवशी गेले, कोरणीला नव्याने धार लावली आणि शिरोरेघ दुसऱ्या बाजूनेही कडेपर्यंत नेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, चकतीच्या आरपार. मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगत गेले. ‘ळ’ चांगला उतरला. इतका चांगला, की बाकीची अक्षरं त्याच्यापुढे जरा बापुडी दिसतात.

बंदूक न्यायला आत्येभाऊ आला तेव्हा आत्याही आली. तिने ती मांडीवर आडवी घेतली. नळ्यांकडे बघितलंही नाही, यंत्रणेच्या पोटाखालचा उघडा डाग शोधून त्यावर हात ठेवला, आणि मग उलटी करून चकतीवर अंगठा फिरवला.

“ही रेघ एवढी लांब का गं?”

“घसरली.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसतायत बाबा.”